चंद्रावर सापडलेला स्टॅलकपांचा ट्रक

आयली कोस्केलाच्या स्वयंपाकघरात दोन फोन होते. हिरवा तिचा स्वतःचा. काळा बल्गेरियाचा.

काळा फोन वाजला की ती गॅस बारीक करायची, एप्रनला हात पुसायची आणि नाकातून आवाज काढून म्हणायची, "वेधसंस्था. डॉक्टर वेसेलिनोव कामात आहेत. मी त्यांची सहायिका, राडका." डॉक्टर वेसेलिनोव जन्मालाच आलेले नसल्यामुळे ते कायम कामात असत.

आयली बल्गेरियाची नव्हे, फिनलंडच्या मुलखातली. मिशिगनच्या तांब्याच्या खाणींच्या गावात वाढली, सुतारकाम करणाऱ्या उर्होशी लग्न करून फ्लोरिडात उतरली, आणि तो गेल्यावर लँटानाच्या घरगाड्यांच्या वस्तीत एकटी राहिली. त्या वस्तीत निम्मे लोक तिच्याच भाषेचे. फ्लोरिडाच्या उकाड्यातही घरामागे वाफेची खोली बांधून त्यात घाम गाळत बसणारे, बाहेर आल्यावर वाफाळती कॉफी पिणारे आणि कामाशिवाय तोंड न उघडणारे. त्यांच्यात आयली वेगळी. तिला बसवतच नसे. उभ्यानं कॉफी, उभ्यानं जेवण, आणि राग तर नाकावर टेकलेला.

रेल्वेच्या रुळांपलीकडे एका साप्ताहिकाची कचेरी होती. किराणा दुकानात पैसे द्यायच्या रांगेत, च्युइंगमच्या शेजारी, जे काळंपांढरं साप्ताहिक लटकत असे, ते हेच. 'मंगळावर सापडली कपडे वाळत घालायची दोरी!' 'शनीच्या कड्यात विमानतळावर हरवलेल्या बॅगा!' 'शुक्राहून आलेला संदेश उलगडला: आवाज कमी करा!' आयली तिथे टपाल फोडायच्या कामाला होती. संपादक क्रेक लंडनहून आलेला, गुळगुळीत जिभेचा माणूस. त्याच्या धंद्याचा एक नियम होता: शास्त्रज्ञ नेहमी अशा देशाचा काढायचा, जिथे वाचकाला फोन लावता येणार नाही. तरी वाचक कचेरीत फोन करतच. मग क्रेकनं आयलीचे उच्चार ऐकले, आणि बल्गेरियाची अमेरिकेतली शाखा तिच्या ओट्याशेजारी उघडली.

"आयलीबाई, तुम्हाला फक्त एक पाळायचं," क्रेक म्हणाला होता. "संस्था कधीही 'खोटं आहे' म्हणत नाही. 'अभ्यास चालू आहे' म्हणते."

"म्हणजे सरकारसारखं."

"अगदी."

त्या साप्ताहिकाचे वाचक बिनडोक, असं शिकलेल्या लोकांत बोलायची फॅशन होती. अशा शहाण्यांनी एक सकाळ आयलीच्या ओट्याशी उभं राहून काढायला हवी होती. ओहायोची एक बाई मंगळावरच्या दोरीबद्दल विचारते, "कपडे वाळत घातलेत ते ठीक, पण तिथे शेजारीण कोण? माझ्या इथे आजारी शेजारीण आहे, तिला वाचून दाखवते, हसून हसून बरी होते बिचारी." टेक्सासचा एक म्हातारा खडसावतो, "बॅगांमध्ये माझी तपकिरी असली तर पाठवून द्या, आत माझी कवळी आहे." दोघं जाणून. आयलीही जाणून. फोनच्या दोन्ही टोकांना शहाणी माणसं, आणि मधल्या तारेवर एक थाप. त्यात कुणाचं काय बिघडत होतं? काही नाही, असं आयलीला वाटे. आणि त्या काळ्या फोनवर तिची वीज, जागा, कॉफी सगळं चालत होतं. दुसरं काम ह्या वयात कोण देणार?

त्या वर्षी दक्षिण फ्लोरिडात पाऊसच झाला नाही. कालव्यांचे तळ उघडे पडले, मगरी रस्त्यावर आल्या, आणि साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर आला चंद्र. चंद्रावरच्या खड्ड्याच्या काठाशी एक जुनाट पिकअप ट्रक. पुढची काच नाही, चाकं फसलेली, अंगभर राखाडी धूळ. 'चंद्रावर सापडला पिकअप ट्रक! इंजिन अजून कोमट: डॉ. वेसेलिनोव.'

फोनचा नुसता पाऊस. "रोडटॅक्स भरलाय का त्यांनी?" "मेकॅनिक पाठवू का?" आयली सगळ्यांना अभ्यास चालू असल्याचं सांगत होती. ओव्हनमध्ये पुल्ला होता, तिच्या लोकांचा वेलदोड्याचा गोड पाव, आणि तो जळू नये म्हणून ती एक डोळा तिकडे ठेवून बोलत होती. अशात एक सावकाश आवाज आला. जॉर्जियातला शेतकरी, शब्द ओढून बोलणारा.

"बाईसाहेब, मी ड्यूई स्टॅलकप. नाहंटा गावाहून. तो ट्रक आमचा आहे."

"अभिनंदन," आयली म्हणाली. "चंद्रावर जाऊन घेऊन जा."

"चेष्टा करा, हरकत नाही. मीही केली असती. तो ट्रक चर्चची चढण चढायचा नाही, चंद्रावर कसला जातोय! मला एवढंच सांगा, फोटो कुठे काढलाय?"

आयलीचा हात ओव्हनच्या दारावर थांबला. असं कुणी विचारलं नव्हतं.

"अभ्यास चालू आहे," ती म्हणाली.

"अभ्यास करा की. पण माझा भाऊ लॉनी तो ट्रक घेऊन ह्या घरातून निघाला तेव्हा मी पोरगा होतो. वीस वर्षं झाली. उसाच्या तोडणीवर जातो म्हणाला, तुमच्या त्या फ्लोरिडात. परत पत्र नाही, फोन नाही. पुढचा बंपर तारेनं बांधलाय, दिसतोय? ती कुंपणाची तार मी बांधली. आणि उजव्या मडगार्डला खोक आहे, फाटकाला मी धडकवला होता. त्यावरूनच भांडण झालं. तो रागावून गेला. आई मरेपर्यंत म्हणत होती, तुझ्यामुळे गेला, तुझ्यामुळेच लिहीत नाही."

आयलीनं ओट्यावरचं साप्ताहिक ओढलं, चष्मा लावला. बंपर तारेनं बांधलेला होता खरा. पण खोक डाव्या मडगार्डला.

"ऐका," ती राडकाचा आवाज विसरून म्हणाली. "तुमची खोक उजवीकडे ना? ह्या ट्रकची डावीकडे आहे. नीट बघा."

पलीकडे कागद वाजला. "हो. तेच मलाही कळेना. सकाळपासून बघतोय. वाटलं, मलाच उलटं आठवतंय की काय." "बरं. तारेनं बंपर काय, कुणीही बांधतं. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

फोन ठेवला त्यानं. आयलीनं सुटकेचा श्वास सोडला. पुल्ला बाहेर काढला, कडा करपल्या होत्या. कॉफी ओतली. प्याली नाही. अंगण झाडलं. परत आत आली, परत झाडलं. शेजारची लेम्पी जाळीच्या दारातून ओरडली, "अगं, जमिनीला भोक पाडशील! झालंय काय?"

"काही नाही. तू तुझी कॉफी पी."

काहीतरी बोचत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. ती जाऊन ट्रकचा फोटो पुन्हा बघायची, टाकून द्यायची, पुन्हा उचलायची. ट्रकच्या आत निम्म्यापर्यंत राखाडी गाळ भरलेला, आणि त्यातून स्टीअरिंगचा वरचा अर्धा गोल वर आलेला. असेल. तिनं पेपर घडी घालून कचऱ्यात कोंबला. मग दाराबाहेर लेम्पीचा नवरा गाडी चालू करत होता, तिकडे नजर गेली, आणि ती जागच्या जागी थिजली.

अमेरिकेत गाडी डावीकडे बसून चालवतात. लेम्पीचा नवरा डावीकडे बसला होता. आणि चंद्रावरच्या ट्रकचं स्टीअरिंग उजवीकडे होतं.

"वोय वोय," आयली तिच्या भाषेत म्हणाली, आणि केराच्या डब्यात हात घातला.

रूळ ओलांडून ती कचेरीत गेली ती चालत नव्हे, जवळपास पळत. फोटो जोडणारा हॉलिस त्याच्या अंधाऱ्या खोलीबाहेर सँडविच खात बसला होता. गेली कित्येक वर्षं त्यानं मंगळ, शनी, देवदूत, सगळ्यांना कात्री लावलेली. आयलीनं पेपर त्याच्या सँडविचवर आपटला.

"उलटा छापलास का रे हा ट्रक?"

"अगं माझं हॅम!"

"हॉलिस!"

"छापला. मग?" तो तोंड पुसत म्हणाला. "चंद्राच्या फोटोत ऊन डावीकडून येतंय, माझ्या ट्रकवर उजवीकडून. सावल्या भांडायला लागल्या. निगेटिव्ह उलटी घातली, सावल्या गप्प. तुला कोण विचारतंय सावलीचं? तीस लाख लोकांत एकालाही कळलं नाही."

"एकाला कळलं. ट्रक कुठला?"

"बेल ग्लेडच्या वाटेवर भंगारवाला आहे. दुष्काळात कालवे आटले ना, त्यातून चोरीच्या गाड्या निघाल्या, पोलिसांनी ओढून त्याच्या आवारात टाकल्या. सगळ्यांच्या नंबरपट्ट्या गंजलेल्या, कोण विचारतो? हा नेमका गाळानं माखलेला, वाळून राखाडी झालेला. मी म्हटलं, अरे, हा तर तयार चंद्र! मेहनत नको, काही नको."

आयली खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. निम्म्यापर्यंत भरलेला गाळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आत कुणी बघितलं का?"

"आत? गाळ आहे आत." हॉलिसनं सँडविच खाली ठेवलं. "कोण बघणार, आयली?"

ती तशीच क्रेकच्या खोलीत शिरली, दार न वाजवता. परवानगी मागायला नव्हे. आपण पाठीमागून काही करत नाही, एवढ्याच अभिमानानं. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी त्याला फोन करणार."

"आयलीबाई," क्रेक मऊ आवाजात म्हणाला, "संस्था फोन करत नाही. संस्थेला फोन येतात. एकदा आपण म्हटलं की तो ट्रक बेल ग्लेडला आहे, तर उद्या लोक दोरीचं विचारतील, बॅगांचं विचारतील. वकील येतील. पोलिसांना निनावी चिठ्ठी टाका हवं तर."

"पोलिसांनीच तो तिथे टाकलाय, न बघता. निनावी चिठ्ठीला ते नाक पुसतील."

क्रेकनं पेन्सिल दातात धरली, आणि त्याच्या डोळ्यांत एक चमक आली. आयलीला ती चमक ओळखीची होती. दर सोमवारी ती पहिलं पान बनून बाहेर पडत असे.

"थांबा थांबा. भाऊ हरवला वीस वर्षांपूर्वी... ट्रकसकट... 'चंद्रावरच्या ट्रकचा चालक जॉर्जियाचा! भाऊ म्हणतो...'"

"त्या पोराचं नाव पेपरात आलं ना," आयली म्हणाली, "तर उकळती किटली आणून तुमच्या मांडीत ओतीन. आणि ते अजिबात बल्गेरियन नसेल."

"मग फोन परत करावा लागेल तुम्हाला."

"न्या. ओट्यावर जागा होईल."

बोलून गेली, पण रूळ ओलांडताना राग उतरला. रागानं माणूस तडकाफडकी बोलतो आणि भाडं मात्र पहिल्या तारखेला शांतपणे येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरी पोचेपर्यंत तिनं तीनदा ठरवलं की करायचा, आणि दोनदा, की नाही करायचा. कशाला? वीस वर्षं तो माणूस 'भाऊ रागावलाय' ह्यावर जगला. रागावलेला भाऊ निदान कुठेतरी असतो. त्याला गाळ कोण दाखवणार? राडका? पण 'खोक डावीकडे आहे, नीट बघा' हे त्याला कुणी सांगितलं होतं? ती थाप नव्हती. खरं समजून दिलेलं उत्तर, आणि तेच साफ खोटं निघालं. आयुष्यात हजार थापा मारल्या त्यांतली एक तिला बोचली नव्हती. ही बोचली.

हिरव्या फोनवरून तिनं लांबच्या फोनची ऑपरेटर लावली. "नाहंटा, जॉर्जिया. स्टॅलकप."

"तिथे स्टॅलकप पोत्यानं आहेत, बाई. कुठला?"

"ड्यूई. जो सावकाश बोलतो."

"सगळेच सावकाश बोलतात," ऑपरेटर म्हणाली, पण लावून दिला.

"मी सकाळची," आयली म्हणाली. "राडका नाही, आयली. संस्था नाही, स्वयंपाकघर आहे."

"ते कळलं होतं," ड्यूई म्हणाला. "मागे किटली शिट्ट्या मारत होती."

"फोटो उलटा छापलाय. आरशासारखा. खोक उजवीकडेच आहे." पुढचं वाक्य तिनं दोनदा सुरू केलं. "ट्रक इथे बेल ग्लेडजवळ भंगारात आहे. कालव्यातून काढलाय. आतला गाळ अजून कुणी काढलेला नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कालव्यातून," ड्यूई म्हणाला.

"हो."

"मी निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा आयलीनं पाहिलं: पस्तिशीला टेकलेला, उन्हानं भाजलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, कुणाच्या तरी घरी पाहुणा जावं तसा. आयलीनं त्याला कॉफी दिली, त्यानं उभ्यानं घेतली. त्या घरात उभ्यानं कॉफी पिणारा दुसरा माणूस पहिल्यांदाच आला होता. हॉलिसही आला, न बोलावता, टोपी हातात धरून. "मीच तो उलटा केला," एवढंच म्हणाला. ड्यूईनं त्याच्याशी हात मिळवला. हॉलिसला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

उसाच्या रानांतून, काळ्या मातीच्या कडेकडेनं ते गेले. भंगारवाल्याच्या आवारात ट्रक सहज सापडला. चंद्र नसला तरी तोच होता. ड्यूई गाडीतून उतरला आणि थेट पुढच्या उजव्या मडगार्डपाशी गेला. खोकेत हात ठेवला. तसाच उभा राहिला.

मग पोलीस बोलवावे लागले. भंगारवाला कुरकुरला, पोलीसही कुरकुरला. "कशावरून म्हणता? वीस वर्षांनी आठवण कशी झाली?" 'चंद्रावर पाहिला' असं पोलिसाला कोण सांगणार? ड्यूई सांगायला निघालाच होता, तेवढ्यात आयली मध्ये घुसली.

"आमच्या पेपरात छापलाय. चंद्राचा फोटो खोटा आहे, ट्रक खरा आहे. मी त्या पेपरात खोटं बोलायला होते. आयली कोस्केला. लिहा, आणि आता फावडं आणा."

"होतात?" पोलीस म्हणाला.

"कालपर्यंत होते."

गाळ वाळून विटेसारखा झाला होता. दोन माणसं फोडत होती. आयलीला उभं राहवेना, लांब जाववेना. ती ट्रकांच्या रांगांमधून इकडून तिकडे फिरत होती, परत येत होती, ड्यूईकडे बघून परत फिरत होती. हॉलिस डोळे मिटून एका पिंपावर बसला होता. दुपार टळेपर्यंत खोदणाऱ्यांचा आवाज बदलला. कुदळ थांबली, हातानं काम सुरू झालं. पोलिसानं टोपी काढली.

त्यांनी ड्यूईला बूट दाखवला, मग कमरपट्ट्याचं बक्कल. त्याला आणखी काही दाखवायची गरज पडली नाही.

"कालव्यात कुठे सापडला हा?" ड्यूईनं भंगारवाल्याला विचारलं. "तोंड कुठल्या दिशेला होतं?"

"उत्तरेला, वाटतं. पण पाण्यात गाड्या फिरतात साहेब, त्यावरून काही—"

"उत्तरेला आमचं घर आहे," ड्यूई म्हणाला.

ड्यूई वळला आणि आयलीसमोर येऊन उभा राहिला. डोळे कोरडे, पण चेहरा त्या फाटकाला धडकलेल्या पोरासारखा.

"बाई, तुम्ही सांगा. तो येत होता का जात होता? घरी येत होता ना?"

एक शब्द होता. 'हो.' दिवसभर त्या काळ्या फोनवर ह्याहून हजारपट मोठं ती हसत हसत बोलत असे, अनोळखी माणसांशी, पगारासाठी. आणि हे तर द्यावंसं तिला मनापासून वाटत होतं, पदरात काही न घेता. तिनं तोंड उघडलं. काल सकाळी फोनवर तिनं ज्या खात्रीनं 'नीट बघा' म्हटलं होतं, ती खात्री तिच्या जिभेवर आली, आणि तिथेच आंबट झाली.

"मला माहीत नाही, ड्यूई," ती म्हणाली. "पाण्याखालचा माणूस पत्र लिहीत नाही, एवढं माहीत आहे. तो इथे होता. सगळा वेळ इथेच होता."

ड्यूईनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. ट्रककडे बघितलं, खोदणाऱ्यांकडे बघितलं.

"म्हणजे रागावून गप्प नव्हता," तो स्वतःशीच म्हणाला. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, आणि गाळ काढणाऱ्यांना जाऊन म्हणाला, "सरका जरा. मी काढतो."